न आरवणारे कोंबडे

३ फेब्रुवारी
आलो एकदाचे! एके काळी हातगाडीवर अंडी विकणारा मी, आज एवढ्या मोठ्या पोल्ट्रीचा मालक. बायको असती तर म्हणाली असती, मालक झालात, आता तरी चपला पुसून आत या. घर आवारालाच लागून. सूनबाईंना दिवस गेलेत. आधीची दोन राहिली नाहीत, म्हणून उन्हाची खोली त्यांना दिली. एक गंमत मात्र झाली. शेडभर कोंबडे, पण पहाटे एकही आरवला नाही. माझे कान तिखट, चुकायचे नाहीत. मुकादम हसून म्हणाला, मालक, शिकलेले कोंबडे आहेत, गोंगाट करत नाहीत.

१० फेब्रुवारी
भेद कळला. कोंबडा वाढीला लागला की मानेत, डोक्याच्या जरा खाली, कातडीआड एक गोळी सरकवतात. मग तो भांडत नाही, आरवत नाही, नुसता लोण्यासारखा मऊ होऊन फुगतो. कापल्यावर मुंडकी आणि माना फेकून देतात, बाकीचा बाजारात जातो. एवढं अन्न उकिरड्यावर जाताना बघून जीव कळवळला. माना घरी पाठवायला सांगितल्या. मुंडकी आवारातल्या राखणीच्या कुत्रीला, तीही गाभण आहे बिचारी.

२ मार्च
सूनबाईंच्या पोटात काही ठरत नव्हतं, मानांचं सूप तेवढं ठरतं. मी स्वतः करतो, मंद आचेवर, गाळून. आम्हीही वाटीवाटी घेतो. आज त्या म्हणाल्या, बाबा, तुमच्या हाताला माझ्या आईची चव आहे. वाफ डोळ्यांत गेली म्हणून सांगितलं.

१९ मार्च
कुत्री व्याली. सगळी पिल्लं मेलेली. ती चाटतच बसली, उठेना.
चिरंजीव म्हणाले, छाती दुखते, शर्टसुद्धा टोचतो. खाऊन सुटलास, म्हणून मी टर उडवली. मग आंघोळीला माझी छाती पाहिली. तीही सुजलेली.

२४ मार्च
गुरांचे डॉक्टर आले. कुत्री काय खाते, विचारलं. मुंडकी म्हटल्यावर म्हणाले, ती गोळी बायकांच्या अंगात असतं तसल्या रसायनाची. पुरती विरघळत नाही, मानेतच उरते. उकळल्यावर जातं ना, मी विचारलं. नाही म्हणाले. आणि पोटातल्या जिवाला तर — पुढचं ऐकवेना.

२५ मार्च
सूप बंद. कोंबड्यांत रोग आलाय म्हणून सांगितलं. खोटं. सूनबाईंची कंबर दुखतेय. डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. ठोके लागतात, म्हणाल्या, पण —

२६ मार्च
सूनबाई मलाच विचारतात, बाबा, माझंच काही चुकतंय का? तिन्ही वेळा मीच —
नाही पोरी. या वेळी तू नाहीस.
हेच सांगायला गेलो. दारातूनच परतलो. आत ती पोटाशी बोलत होती. थांब रे, थोडं थांब, आता थोडेच दिवस —
माझ्या खोलीत, इथवर तिचा आवाज ऐकू येतोय.
येत होता.
चिरंजीव धावत — मलाच हाक — बाबा म्हणून — मला —