तलाव बुजवण्याचा उद्योग

तीर्थस्वरूप भाऊजींना,

धाकट्या मेहुण्याचा, पाठ जेवढी परवानगी देते तेवढा वाकून, नमस्कार.

तुमची तब्येत उत्तम असेल असं धरून पुढे जातो. ताईचा गुडघा कसा आहे? जिना उतरताना आधी दुखरा पाय आणि चढताना आधी बरा पाय, हे मी मागे सविस्तर सांगितलं होतं. ती तसं करते, की "तू कुठला डॉक्टर लागून गेलास" म्हणून अजून उलटंच करते? छापखान्याच्या दाराचं कुरकुरणं थांबलं का? (बिजागरीवर वरून तेल ओतून उपयोग नसतो, खिळा अर्धा वर काढून आत सोडावं लागतं.) आणि तुमच्या टेबलावरचा पंखा अजून पूर्वीसारखेच कागद उडवतो का? हे आपलं सहज विचारलं.

इकडे सर्व क्षेम. वजनकाटे दुरुस्तीचं दुकान बरं चाललं आहे. जोवर काटे खोटं बोलतात तोवर माझी चूल पेटणार, आणि काट्यांचा स्वभाव काही बदलत नाही. तक्रार म्हणावी अशी एकच, घरच्या चहाची. पूर्वी मी सकाळी तलावावरून परत येऊन चपला कप्प्यात ठेवल्या, की त्याच क्षणी सौ. पातेलं उतरवत असे. वर्षानुवर्षं हे अचूक चाललं होतं, आणि याचं श्रेय मी माझ्या नियमितपणाला देत आलो. गेले काही महिने मात्र चहा एक तर उकळून काढ्यासारखा झालेला असतो, नाहीतर निवून साय धरलेली असते. मी शेगडीची नळी बदलली, बर्नर उघडून सुईने साफ केला, ज्योत निळी आहे याची खात्री केली. फरक शून्य. असो, पत्राचा विषय चहा नाही.

विषय असा, की येत्या रविवारी आमच्या तलावावर पाण्यावरून दगड पळवण्याची पहिली खुली स्पर्धा आहे. तिचं उद्घाटन मी करायचं आहे, आणि त्याआधी "लोकप्रियतेने खेळाचं भलं होतं का" यावर बोलायचं आहे. भाषणाची तालीम कुणावर तरी करावी म्हणून हे पत्र. (तुम्हाला पहिल्या पानानंतर झोप लागते असं ताई म्हणते. लागल्यास संकोच नको, जागे झाल्यावर पुढे वाचावं.)

तुम्हाला आठवत असेल, लहानपणी सगळेच चपटा दगड पाण्यावर टप्पे घेत पळवतात. मोठेपणी सगळे सोडून देतात, मी नाही सोडलं. शाळा मी अर्ध्यात सोडली, पण शिकणं सोडलं नाही (हे वाक्य माझं स्वतःचं आहे, कुणी आपलं म्हणून वापरताना आढळल्यास कळवावं). जुन्या पाणीपुरवठ्याच्या मागचा तलाव तुम्ही पाहिला आहे. त्याचं पाणी आता कुणी पीत नाही, म्हणून त्याला कुणी विचारतही नाही. पहाटेचा उजेड पाण्यात उतरायच्या आधी मी तिथे जात असे. अशा वेळी तलाव पाण्याचा वाटत नाही भाऊजी, कुणीतरी श्वास रोखून धरल्यासारखा वाटतो. काठ कुठे संपतो आणि धुकं कुठे सुरू होतं हे माझ्यासारख्या माणसालाही, जो मिलिमीटरच्या खाली बोलत नाही, सांगता येणार नाही. त्या पाण्यावर दगड सोडायचा. फेकायचा नाही. फेकतात ते कुत्र्याला.

दगड आधी ठळक टप्पे घेतो, मग ते जवळ जवळ येत जातात, मग इतके जवळ येतात की वेगळे मोजता येत नाहीत. या शेवटच्या भागाला मी "कुजबुज" म्हणतो. दगड बुडण्याआधी पाण्याच्या कानात काहीतरी सांगतो, असं मला पहिल्यापासून वाटत आलं आहे. काय सांगतो ते ऐकायला मी इतकी वर्षं गेलो. शेवटचा दगड मी नेहमी आडवा, काठाला समांतर सोडतो, त्याने खांदा मोकळा होतो. मग घरी. सौ. या सगळ्याला "तलाव बुजवण्याचा उद्योग" म्हणते. तिने आजवर एकदाही तलावावर पाऊल ठेवलेलं नाही. एकदा मी आग्रह केला तर म्हणाली, "पूर्ण बुजला की सांगा, चालत येईन."

आता लोकप्रियता कशी सुरू झाली ते सांगतो. आमच्या गल्लीतले दातांचे डॉक्टर वजन कमी करायला तलावाभोवती फिरू लागले. (वजन कमी झालं नाही, माझ्याच काट्यावर पाहिलं आहे.) एका सकाळी माझा एक दगड असा गेला, असा गेला, की मलाच वाटलं तो आता पलीकडच्या काठावर चढून चालायला लागेल. मागून आवाज आला, "काका, पुन्हा एकदा." मला काका म्हणणारा हा माणूस माझ्याहून दोनच वर्षांनी लहान आहे. पण खरं सांगतो, इतक्या वर्षांत "पुन्हा" म्हणणारा तो पहिलाच. मी पुन्हा सोडला. त्याने मोबाइलवर चित्रण केलं आणि आपल्या दवाखान्यात खुर्चीवर आ करून पडलेल्या प्रत्येक रुग्णाला दाखवलं. तोंड उघडं असल्यामुळे कुणाला नाही म्हणता आलं नाही. अशा रीतीने हा खेळ पसरला.

फायदे मी प्रामाणिकपणे मांडणार आहे. पूर्वी तलावाचा पहारेकरी मला पाहिलं की शिट्टी मारायचा, आता "या गुरुजी" म्हणतो. तुटलेल्या पायऱ्या बांधल्या गेल्या. काठावरचा कचरा उचलला गेला. बाकं आली, चहावाला आला. बाजारात माझं नाव "टप्पेवाले" पडलं आहे. ते मला आवडत नाही असं मी सर्वांना सांगतो. दोन विहिणी, ज्यांच्यात लग्नापासून अबोला होता, त्या शेजारी शेजारी उभ्या राहून दगड सोडतात. बोलत अजून नाहीत, पण एकीचा चांगला गेला की दुसरी "हं" म्हणते.

आणि तोटे. लोक मोजू लागले. मोजायला हरकत नाही, मी मोजण्यावरच जगतो. पण जे कुजबुजतं ते मोजायचं कसं? डॉक्टर चित्रण संथ करून बघतात आणि सांगतात, "काका, तुमच्या कुजबुजीत नऊ टप्पे आहेत." त्या दिवशी घरी येऊन मी नीट जेवलो नाही. झोपेत बोलणाऱ्या माणसाला सकाळी कुणी त्याचे शब्द लिहून दाखवावेत, तसं झालं.

पण खरी आपत्ती दगडांची. याचा विचार समितीतल्या एकानेही केला नव्हता. (समिती आहे. सात माणसं आणि आठ मतं.) क्रिकेट वाढलं तर चेंडू जास्त बनतात, पण चपटा दगड कुणी बनवत नाही भाऊजी, तो पाण्याने हजारो वर्षं मांडीवर घेऊन घासलेला असतो. आणि सोडला की गेला. मी एकटा होतो तोवर काठाला पत्ताही नव्हता. शेकडो लोक आले आणि दोन महिन्यांत काठावर एक धड दगड उरला नाही. सगळे तळाशी. जो तो खेळ वाढवतो म्हणत होता आणि खेळ तेवढा बुडत होता. मग लोक कौलांचे तुकडे आणू लागले, फुटक्या बश्या आणू लागले. एका गृहस्थाने स्वतःच्या न्हाणीघराची फरशी उचकटून आणली. ती तीन टप्पे गेली, आणि गृहस्थ महिनाभर शेजाऱ्यांकडे आंघोळीला गेले.

तेव्हा समितीने फरशीवाल्याकडून यंत्रावर दगडी चकत्या कापून घ्यायचं ठरवलं. वजन, जाडी, रुंदी मी ठरवून दिली. प्रत्येक चकती माझ्या दुकानात, माझ्या काट्यावर तोलली गेली. अशी अचूक गोष्ट या गल्लीत आजवर झालेली नाही. मग चाचणी झाली. डॉक्टरांनी पवित्रा घेतला, हात मागे नेला, आणि चकती बोटांतून साबणासारखी सुटून चहावाल्याच्या पातेल्यात पडली. पहारेकरी शांतपणे म्हणाला, "डॉक्टर, हा टप्पा धरायचा का?" कारण असं, की चांगल्या दगडाला एक कोपरा लागतो, जिथे तर्जनी टेकते. यांच्या चकत्या पौर्णिमेच्या चंद्रासारख्या गोल. मी कोपरा सांगितलाच नव्हता असं समितीचं म्हणणं. जे बोटाला ठाऊक असतं ते तोंडाने सांगायची पाळी माझ्यावर आजवर आली नव्हती, हे माझं म्हणणं. डॉक्टर मात्र भला माणूस. त्याने पातेल्यातली चकती काढली, पुसली आणि म्हणाला, "काका, दाताचंही असंच असतं. अगदी गोल केला तर चावता येत नाही." त्याचं हे वाक्य मी भाषणात माझं म्हणून घेणार आहे.

हल्ली मी रोज जात असलो, तरी खरा जातो तो सोमवारी. रविवारी खांदे दुखावून घेतल्यामुळे सोमवारी कुणी फिरकत नाही. तलाव पुन्हा पूर्वीसारखा असतो, धुकं असतं, श्वास रोखलेला असतो. फक्त माझ्या हातात काही नसतं. मी नव्या बाकावर बसतो (बाक डावीकडे किंचित कलतं) आणि पाण्याकडे पाहतो. कधी वाटतं, तळाशी माझे सगळे दगड एकमेकांना टेकून पडले असतील, वर्षानुवर्षांच्या सकाळी एकावर एक, आणि आता त्यांच्यावर अनोळखी लोकांच्या बश्या. मग रिकाम्या हाताने उठतो आणि निवलेल्या चहाकडे जातो.

तेव्हा निष्कर्ष असा, की लोकप्रियतेने खेळाचं भलं होत नाही. पायऱ्यांचं होतं, चहावाल्याचं होतं, विहिणींचं होतं. खेळ तळाशी जातो. हे रविवारी मी निर्भीडपणे सांगणार आहे.

ताईला नमस्कार. तिच्या गुडघ्याला, आणि पहिल्या पानानंतरही जागे असल्यास तुम्हाला, विश्रांती मिळो.

तुमचा,
काटेवाला (बाजारात टप्पेवाला)

ता. क. निर्भीडपणे सांगता येणार नाही असं दिसतं. पत्र लिहीत असतानाच डॉक्टर छापील पत्रक देऊन गेले. त्यात मला समितीचा अध्यक्ष केलं आहे, आणि माझं नाव सर्वांहून मोठ्या टाइपात आहे. (छपाई सुमार आहे. तुमच्याकडे दिलं असतं तर शाई पसरली नसती.) तेव्हा रविवारी लोकप्रियतेच्या बाजूने बोलेन. वरचा निष्कर्ष आपल्या दोघांत ठेवावा.

ता. क. २. तुमच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून जो काळा दगड असतो तो माझा आहे. म्हणजे मीच दिलेला, छापखाना उघडलात त्या दिवशी. तुम्ही म्हणाला होतात, "हा चाटायचा की पुजायचा?" त्यासारखा दगड मला पुन्हा सापडला नाही. कोपरा आहे, पोटाला किंचित फुगवटा आहे. रविवारी सौ. प्रथमच तलावावर येणार आहे, कारण सगळी गल्लीच येते आहे. तिच्यासमोर मी फरशीवाल्याची चकती सोडायची का, हे तुम्हीच सांगा. कृपया दगड शनिवारपर्यंत ताईबरोबर पाठवावा. त्याच्याऐवजी दुसरा पाठवू नये, मी तोलून पाहीन.

ता. क. ३. दगड परत मिळणार नाही, हे उघड आहे. कागदांवर ठेवायला सोबत दुकानातलं एक पितळी वजन पाठवतो आहे. तपासून, शिक्का मारलेलं आहे. कागदांना फरक कळणार नाही.

ता. क. ४. पाकीट बंद करण्याआधी सौ.ने पत्र वाचलं. हसेल असं वाटलं होतं. ती इतकंच म्हणाली, "शेगडी कशाला उघडत बसलात? मला विचारायचं होतंत." ती रोज सकाळी कपडे वाळत घालायला गच्चीवर जाते. तिथून तलाव दिसतो. मी दिसत नाही, झाडं आड येतात, पण पाणी दिसतं, आणि पाण्यावर एका ओळीत उमटत जाणारी वर्तुळं दिसतात. सगळ्या ओळी पलीकडे जाणाऱ्या, आणि शेवटी एक आडवी. आडवी ओळ मिटली, की खाली येऊन ती चहा टाकते. इतकी वर्षं. आता, म्हणाली, सगळा तलावच वर्तुळांनी भरलेला असतो, त्यात तुमची ओळ कुठली ते कळत नाही. आणि सोमवारी तर काहीच उमटत नाही. मग अंदाजाने टाकते.

मी बर्नरची सुई तिच्या डबीत ठेवून दिली.

तरी दगड पाठवाच, पण रविवारसाठी नको. रविवारी मी चकतीच सोडेन, कानशीने तिला एक कोपरा काढला आहे, बरी जाईल. कुजबुजणार नाही, पण त्या गोंगाटात कुजबुज ऐकायला कोण येणार आहे? तुमचा काळा दगड मी सोमवारी नेणार, पहाटे, आणि आडवा सोडणार. सोमवारचा चहा वेळेवर मिळेल. मंगळवारचं मंगळवारी पाहू.