मोबाईलच्या तोंडात कुंकू

आबा, आज तुमची वेल्ह्याची पिठाची गिरणी फार आठवली. खंडेनवमीला तुम्ही पट्टा उतरवून गिरणी पुसायचात आणि हळदीकुंकवाची वाटी माझ्या हातात द्यायचात. एकदा भक्तीच्या भरात मी मूठभर कुंकू गिरणीच्या तोंडातच टाकलं. तुम्ही ओरडलात, "आरं, देव मानतो म्हनून त्याच्या नाकातोंडात कोंबतोस व्हय? कपाळाला लाव!" आई पदरात तोंड लपवून हसत होती.

तुमच्या सुनेची वाचा यंदा पावसाळ्यात गेली. अर्धांगाचा झटका आला, उजवा हातही गेला. तिला सगळं कळतं, सांगता येत नाही. भोरच्या कचेरीत मी संगणकावर काम करतो. तेवढ्या बळावर, व्हिडिओ बघत बघत तिच्यासाठी एक ॲप केलं. चित्रावर बोट ठेवलं की मोबाईल बोलतो. पाणी, पंखा, दुखतंय, देव. संगणकाच्या पडद्यावरच्या खोट्या मोबाईलमध्ये ते नीट बोलतं. तिच्या खऱ्या मोबाईलमध्ये घालायला तो केबलने संगणकाला जोडावा लागतो, मला ही एकच रीत येते. आणि संगणकाला तो दिसतच नाही. सेटिंगमध्ये जाऊन हवं ते सगळं चालू केलं, देवापुढं नारळ ठेवला, नसरापूरहून दुसरी केबल आणली. दुकानदार म्हणतो, "चार्जिंग होतंय न्हवं? मग केबलला काय धाड भरलीय! मोबाईल म्हातारा झालाय काका, तुमच्यावानी."

काल संध्याकाळी ती हुंकार देत काहीतरी मागत होती. मी उशी दिली, चादर दिली, खिडकी उघडली. शेवटी तिनं डोळे मिटले आणि भिंतीकडे तोंड केलं. आज सकाळपासून तिनं आवाजच काढला नाही. मागणंच सोडलं, आबा. मी माळ घेऊन बसलो, पण बोटाखालचा मणी पुढं सरकेना. माळ ठेवली आणि पुन्हा केबलशी झटत बसलो.

दुपारी मोबाईल उन्हात धरला तर चार्जिंगच्या खाचेत लाल दिसलं. यंदा खंडेनवमीची पूजा तिच्याऐवजी मी केली होती. ती बरी व्हावी म्हणून तिच्या मोबाईलवर चिमटीऐवजी मूठ सोडली होती. वीज आत जात होती, पण संगणकाशी बोलायची टोकं कुंकवानं बुजली होती. तुमचा आवाज कानात घुमला. मोबाईल बंद करून दात कोरायच्या काडीने हलकेच कुंकू काढलं, चालू करून केबल लावली. मोबाईलने विचारलं, या संगणकाला परवानगी द्यायची का? मी तो तिच्यापुढं धरला. तिनं डाव्या अंगठ्याने होकार दाबला.

ॲप मोबाईलमध्ये घातलं आणि उघडलं. तिनं बराच वेळ चित्रं पाहिली आणि पाण्यावर बोट ठेवलं. मी धावत पेला आणून ओठाला लावला. तिनं मान फिरवली. पुन्हा पाणीच दाबलं. मी पुन्हा पेला पुढं केला. तेव्हा तिनं डाव्या हाताने तो माझ्याकडे ढकलला.

कालचं तिचं मागणं काय होतं ते अजून कळलेलं नाही. त्याचं चित्र माझ्याकडे नाही. हा कागद तुमच्या फोटोमागं ठेवतो, धाडणार तरी कुठं? खरं सांगतो आबा, सकाळपासून मी पाण्याचा घोटही घेतला नव्हता, आणि ते माझं मलाच ठाऊक नव्हतं.