बारा नंबरचा पाना

प्रिय मिस्तरी,

पाना तिसऱ्यांदा निसटला आणि माझी बोटं बॅटरीच्या कडेवर आपटली. मग मी कपड्यांच्या स्टँडची नळी काढून आणली, पान्याच्या दांड्यावर चढवली आणि अंगाचा सगळा भार टाकला. नट कुरकुरला, पाव फेरा फिरला. पुढचं काम दहा मिनिटांचं होतं. तू बसवलेली जाड काळी तार आता माझ्यासमोर टेबलावर आहे. तिच्या टोकाच्या कड्याला तुझं ग्रीस अजून चिकटलेलं आहे. आधी बॅटरीवरचं मायनसचं टोक सोडवायचं, मग बॉडीवरचं, हे विसरले नव्हते. तुझ्याकडून शिकलेलं एवढंच अजून उपयोगी पडतं.

गाडी पहिल्यांदा बंद पडली तो दिवस तुला आठवत असेल. तू ‘थोडे दिवस’ म्हणून दुकानामागच्या खोलीत राहायला गेलास, त्यानंतरची थंडी. थोडे दिवस लांबले होते. दर रविवारी येईन म्हणालास, ते रविवारही विरळ होत चालले होते. त्या शनिवारी सकाळी मी किल्ली फिरवली आणि गाडीने नुसतं ‘कट’ केलं. सेल्फ फिरेना. ड्रायव्हिंगच्या सातच्या तासाचे शिकाऊ बाहेर उभे होते, ते निवृत्त मास्तर, हातमोजे घालून. म्हणाले, “मॅडम, आज माझा काही हात नाही बरं का, मी अजून आत बसलोसुद्धा नाही.” मी तुला फोन केला. गाडीसाठी फोन करण्यात मला कमीपणा वाटला नाही. माझं पोट तिच्यावर आहे, आणि गाड्यांची वायरिंग बघणं हा तुझा धंदा आहे.

तू मीटर काढलास. काळी पिन बॅटरीच्या मायनसवर धरलीस. लाल पिन लेकीच्या हातात दिलीस आणि इंजिनवर उघडा धातू दिसतो तिथे टेकवायला सांगितलीस. “फ्यूज, हात हलवायचा नाही. आणि तू सेल्फ मार.” तू तिला फ्यूज म्हणतोस, कारण ती लगेच उडते. मी किल्ली फिरवली आणि तिने आकडा वाचला, एक पूर्णांक तीन व्होल्ट. तू तिला सांगितलंस, “शून्य पूर्णांक दोनच्या वर जाता कामा नये. बॅटरी ठणठणीत आहे, दोष अर्थिंगच्या तारेत आहे. तो नुसता बघून कळत नाही. गाडीवर जोर आला की मगच कळतो.” तारेचं कडं बॉडीला जिथे टेकतं तिथे खाली रंग होता. मडगार्ड रंगवणाऱ्याने ती जागाही रंगवून टाकली होती, आणि रंगातून वीज जात नाही. तू तो थोडासा खरवडलास, बारा नंबरच्या पान्याने नट आवळलास आणि म्हणालास, “चालेल एवढं.”

मग वर आलास. चहा घेतलास, तिची अपूर्णांकांची वही तपासलीस, जेवायलाही थांबलास. जेवताना तुम्ही दोघं माझी नक्कल करत होतात. “ब्रेक, काका, ब्रेक! तो नाही, तो ॲक्सिलरेटर!” मीही हसले. हे लिहायला नको होतं.

तीन आठवड्यांनी पुन्हा ‘कट’. मग महिन्याने. मग दहाच दिवसांनी. तू यायचास, नट नुसत्या बोटाने फिरतोय हे बघायचास आणि आवळायचास. मी विचारलं तर म्हणायचास, “इंजिन हादरतं, सुटतो कधी कधी.” मला पटायचं. मी दिवसभर लोकांना सांगत असते, आरशात बघा, मागे काय आहे ते आधी बघा. माझ्या मात्र एवढंही लक्षात आलं नाही की गाडी नेमकी शाळेला सुट्टी असते त्याच दिवशी बंद पडते.

पाचव्या खेपेला तू तयारीने आलास. नवी जाड तार आणलीस. बॉडीवरचा रंग काचपेपरने घासून घासून काढलास, नाण्यासारखी जागा चकाकायला लागेपर्यंत. दाते असलेला वॉशर घातलास. आत नायलॉनचं कडं असलेला नट बसवलास, जो हादऱ्याने सुटत नाही, आणि लांब दांड्याच्या पान्याने असा आवळलास की गाडी एका बाजूला झुकली. वरून ग्रीस लावलंस. मीटरवर शून्य पूर्णांक शून्य पाच आलं. तू म्हणालास, “आता पाच वर्षं बघायला नको.” लेक टॉर्च धरून उभी होती. ती काहीच बोलली नाही. तिला झोप आली असेल असं मला वाटलं, सकाळचे नऊ वाजले होते तरी. चहा टाकला होता, पण तू खालूनच गेलास. मी आईला फोन करून सांगितलं, काही म्हण, माणूस कामात चोख आहे.

त्याला चार महिने झाले. गाडी रोज पहिल्या फेऱ्यात सुरू होते. तू आलेला नाहीस.

परवा तिचं दप्तर धुवायला काढलं तर तळाशी बारा नंबरचा पाना निघाला. पहिल्या दिवशी तू विसरून गेलास, तोच. तिच्या बोटांच्या सांध्यांवरची साल गेलेली होती. मी विचारलं तर म्हणाली, सायकलसाठी घेतलाय. सायकलच्या चाकाचा नट बाराचा नसतो, एवढं मलाही कळतं. मी पाना टेबलावर ठेवला आणि समोर बसून राहिले. मग तिने सांगितलं. रडली नाही. गृहपाठ का झाला नाही हे सांगावं तसं सांगितलं. “आधी नट निघायचा. आता बाबांनी नीट बसवलाय, तर निघत नाही.”

मी म्हटलं, अगं, बाबांना हे कळलं असतं तर त्यांना किती वाईट वाटलं असतं. ती म्हणाली, “माहितीये त्यांना. चौथ्या वेळी माझी बोटं काळी होती. त्यांनी बघितली. मला फडकं दिलं आणि म्हणाले, पूस, आई बघेल.”

चौथ्या वेळी. म्हणजे नवी तार आणि तो नट त्यानंतर आले.

दोन दिवस मी तुझी बाजू घेऊन बघितली. तुला गाडीची काळजी वाटली असेल, भर रस्त्यात बंद पडली असती तर शिकाऊ माणूस घाबरला असता, असं सगळं. पण मग तू मला सांगितलं असतंस. मी तिला रागावले असते, ती एकदा उडाली असती आणि विषय संपला असता. किंवा तू नुसता रविवारी आला असतास, तर तिला पाना लागलाच नसता. तू घरी गेलास आणि दहा वर्षांच्या पोरीच्या हाताला सुटणार नाही असा नट शोधलास. एवढं मन लावून केलेलं तुझं दुसरं काम मी पाहिलेलं नाही. आपल्या लग्नाच्या सोळा वर्षांत तरी नाही. आणि मी तुझे आभार मानले, आईला फोन केला. त्याचा राग तुझ्यावर नाही, तो माझा मला आहे.

हे पत्र भांडायला लिहिलेलं नाही. तार काढली ती मी, तिने नाही, हे तुला कळावं म्हणून लिहिलं. उद्या शनिवार आहे. गाडी सुरू होणार नाही आणि तुला फोन तीच करेल. तिला मी काही सांगितलेलं नाही. ती तुला बोलवेल तेव्हा, निदान एकदा, तिचे हात स्वच्छ असावेत. बॉनेट उघडलंस की बॅटरीवर हा लिफाफा दिसेल. तार गाडीत नाही, वर माझ्यापाशी आहे. ती घ्यायला तुला जिना चढावा लागेल. माझ्याशी बोलायची गरज नाही. तिची वही बघ. अपूर्णांक संपलेत, आता शेकडेवारी चालू आहे.

तुझी, अजून तरी,
मॅडम

शनिवार, सकाळ.

तिने सात वाजता फोन केला. आठ वाजता तुझ्या दुकानातला माणूस आला. म्हणाला, मालक कामात आहेत. बॅटरीवरचा लिफाफा त्याने मला आणून दिला. “मॅडम, तुमचं काहीतरी राहिलंय इथे.” त्याच्या पिशवीत दुसरी तार होती, ती त्याने जोडली. लाल पिन धरायला त्याने लेकीला हाक मारली, पण ती वर निघून गेली होती. पिन मी धरली. त्याने सेल्फ मारला. शून्य पूर्णांक शून्य पाच. हे पत्र त्याच्याच हाती पाठवते आहे.