वहिनींसाठी जागा पाहिली त्याची हकिगत

नाटे, कार्तिक वद्य पंचमी, शके १८५३

तीर्थरूप भिकादादांस,

धाकट्या आत्मारामाचा पायांवर डोके ठेवून नमस्कार (मुंबईपर्यंत डोके पोचत नाही, भाव पोचवून घ्यावा). इकडे सर्व खुशाल. भात झोडून झाले. सावित्रीवहिनींचे गुडघे कसे आहेत ते कळवावे. आमच्या हिने निर्गुडीचा पाला वाळवून ठेवला आहे, येणाऱ्या माणसाबरोबर धाडतो.

आपले पत्र पोचले. चैत्रात नोकरी संपते, वहिनींना आता रानात उकिडवे बसवत नाही, घराजवळ सेप्टिक ट्यांकचा संडास झाला तरच गावी येऊ, नाहीतर गिरगावातच खोली धरू, हे वाचून मला जेवण गेले नाही. दादा, आई गेली तेव्हा मी केवढासा होतो! ज्या बाईने माझा शेंबूड पुसला ती म्हातारपणी परक्या चाळीत राहणार, आणि कशापायी, तर ह्यापायी? म्हटले, काय वाटेल ते होवो, संडास बांधणारच.

आपण लिहिल्याप्रमाणे आधी पाण्याची परीक्षा घेतली. खड्ड्यात पाणी ओतून ते किती वेळात मुरते पाहावे, असे आपल्या ओळखीच्या ओव्हरसियरचे म्हणणे. मागील दारी फणसाखाली जांभ्यात खड्डा खणला. घागरीवर घागर ओतली, पाणी गडप! मी खूश. अशी गुणी जागा साऱ्या तालुक्यात नसेल, असे चारचौघांत बोलूनही बसलो. तर आमची ही म्हणते, "मुरलं नाही ते, गेलं. कुठं गेलं ते बघा आधी." (माझे सुख हिला दोन घटका बघवत नाही.) तिला गप्प करावे म्हणून खारवीवाड्यातून मासळीची जाळी रंगवायचा ऐनाच्या सालीचा काढा हंडाभर आणला, चांगला लालभडक, आणि दिला खड्ड्यात ओतून.

सकाळी खालच्या अंगाला बोंब उठली. गंगूकाकीच्या विहिरीला रक्त आले! जांभ्याला आतून भोके असतात हे मी विसरलो होतो, पाणी थेट शेजारी गेले. वाडी गोळा झाली. कोणी म्हणे देवी कोपली, कोणी म्हणे राखणदाराचा नारळ चुकला. गाऱ्हाणे घाला! आणि दादा, गाऱ्हाणे घालायचा मान कोणाचा? आपल्याच घराचा. विहिरीच्या काठी नारळ धरून उभा राहिलो. म्हटले, "बा देवा महाराजा, ह्या लेकरांची काय चूकभूल झाली असेल, कोणी काय नको तिथे ओतले असेल, ते पोटात घाल आणि विहीर निवळ कर रे महाराजा!" सारे ओरडले, "होय महाराजा!" सर्वांत मोठ्याने आमची ही.

माणसे पांगल्यावर काकीने मला मागे धरले. "मेल्या, माझ्या घोवाची जाळी जल्मभर मीच रंगवली. ऐनाचा वास मला कळत नाय?" मी पाय धरले, सर्व सांगितले. म्हातारी रागवायचे सोडून रडायलाच लागली. "सावित्री येतेय होय रे? तिच्याबरोबर पाणी भरलंय मी. मग आधी नाय सांगायचं?" आणि काठी टेकीत माझ्याबरोबर जागा बघायला निघाली.

विहिरींच्या वरच्या अंगाला नको, आणि पऱ्याच्या काठी तर नकोच, आषाढात त्या ओढ्याला पूर येतो तो सारे घेऊन जाईल. साऱ्या विहिरींच्या खाली पण पुराच्या वर, अशी एकच जागा निघाली. तिथे पाणी सावकाश मुरले. पुन्हा काढा ओतला (ह्या खेपेस वाडीला आधी सांगून), एकही विहीर रंगली नाही. घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. काळजी नसावी.

वहिनींस नमस्कार. बाकीचे समोरासमोर ओटीवर बसून बोलू.

आपला धाकटा,
आत्माराम

ता. क. त्या जागेवर आपला गोठा होता, हे लिहायचे राहिले. परवा पाडला. गाय तूर्त आपणां उभयतांच्या खोलीत आहे.

आणखी ता. क. खरे सांगायचे तर गवंडी म्हणतो, पावसाआधी ट्यांक होणे कठीण. तरी चैत्रात याच, दादा. लहानपणी मला कोल्ह्याची फार भीती. परसाकडे मला वहिनीच नेत, आणि लांब पाठ करून उभ्या राहून सारख्या ओरडत, "आहे हो मी, आहे!" ट्यांक होईपर्यंत आमची ही त्यांचा हात धरून नेईल. मी लांब पाठ करून उभा राहीन आणि ओरडत राहीन.