पट्टीची बाजू

सोम., ३ नोव्हें.
मॉनिटर गेला. दोन सेकंद उजेड, मग काळा. बाबा म्हणाले, "कॅपॅसिटर. उघड." मागचं झाकण काढलं, तीन कॅपॅसिटरची डोकी फुगलेली, एकाखाली तपकिरी खरकटं. काम घरून, दुसरा स्क्रीन नाही. ऑफिसला कळवलं. नको तितक्या वेळा सॉरी.

मंगळ., ४
स्टेशनजवळच्या दुकानातून तीन आणले. "ओरिजिनल है ना?" किती वेळा विचारलं कोण जाणे. दुकानदार: "मॅडम, इससे शादी थोडी करनी है. लगा दो."
संध्याकाळी बाबा आणि मी टेबलाशी बसलो. घरचा नियम: एकाने सोल्डर करायचं, दुसऱ्याने बघायचं. कॅपॅसिटरवरची पांढरी पट्टी वजाकडे. उलटा बसला तर फुटतो. बघणाऱ्याने "हो" म्हटल्याशिवाय प्लग लावायचा नाही. शाळेत जायच्या आधी मी याच टेबलावर शिकले, अंकसुद्धा रेझिस्टरवरच्या रंगपट्ट्यांवरून, एक रंग म्हणजे एक अंक. बाबांचा "हो" चुकलेला आठवत नाही.
मी: "पट्टी?" बाबा: "हो." तीनही वेळा.
तरी प्लगआधी पुन्हा बघितलं, सवयच माझी. मधला उलटा. लावला मीच. पण बाबा हो म्हणाले होते, चष्मा लावून, बोर्ड नाकाशी धरून.
ते चहा टाकायला उठले, तेवढ्यात काढून फिरवला. मॉनिटर लागला.
"बघितलंस? नजर आहे अजून!"
मी हसले. हसायला नको होतं.

बुध., ५
कामात लक्ष नाही. आईला सांगितलं. ती मासे साफ करत होती, मान वर न करता म्हणाली, "मना ठाव हाय. दिवाळीपासून तेंच्या ताटातले काटे मीच काढते."
मग बोलली का नाहीस?
"तू बोललीस?"
आई एरवी आमच्यासारखंच बोलते. मनातलं निघालं की माहेरचं, उत्तनचं कोळी बोलणं येतं.

शनि., ८
वरच्या मजल्यावरच्या भाभी टीव्ही ठेवून गेल्या. "अंकल, आपके सिवा किसको दूँ?" बाबा लगेच इस्त्री केलेला शर्ट घालून बसले, टीव्ही उघडायला!
यातही कॅपॅसिटरच गेलेला. आज सोल्डर त्यांचं, बघणं माझं.
"पट्टी?"
उलटी होती. मनात म्हटलं, मंगळवारसारखं नंतर फिरवू. पण हा टीव्ही दुसऱ्यांच्या घरी चालणार, घरात लहान मूल.
"नाही, बाबा."
त्यांचा हात तसाच थांबला. मग विचारलं, "मॉनिटरचे तिन्ही बरोबर होते ना?"
सांगितलं.
बंबासारखे तापतील, ओरडतील वाटलं. ओरडले नाहीत. सोल्डरिंग आयर्न स्टँडला लावली, बटण बंद केलं. "तुला मी लपवायला कधी शिकवलं?" एवढंच.

रवि., ९
डोळ्यांच्या डॉक्टरांचं नाव काढलं. बाबांनी पेपर तोंडासमोर धरला, पान उलटलंच नाही. भाभींचा फोन आला. बाबा: "टाइम लगेगा."
टीव्ही हॉलमध्ये उघडा. आई त्याला वळसा घालून जातेय-येतेय.
संध्याकाळी बाबांनी हाक मारली. नवा कॅपॅसिटर बोटांत फिरवत होते. "पट्टी बोटाला लागत नाही. पण नव्याचा लांब पाय म्हणजे अधिक. तो लागतो."
"आणि बोर्डावरची वजाची खूण?"
बोर्ड माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "ती तू सांग. सध्या."
सध्या म्हणजे कधीपर्यंत, विचारायचा धीर झाला नाही. खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले.