निरोग्यांच्या गटातले बाबा

मंगळवार, ४ जून
आमच्या दातांच्या दवाखान्यातर्फे हिरड्यांच्या पाहणीसाठी गावकऱ्यांचं रक्त घेतलं होतं, त्याचे रिपोर्ट ऑकलंडहून आले. सगळ्यांत वाईट आकडा बाबांचा! सीआरपी — अंगात कुठेतरी सूज धुमसत असल्याची चुगली करणारं प्रथिन — भलतंच वाढलंय. ऑक्सिडेटिव्ह ताणाची — पेशी आतून गंजत असल्याची — खूणही तशीच. आणि बाबा कुठल्या गटात? निरोगी हिरड्यांच्या! मीच घातले. बाकी सगळ्यांची तोंडं तपासली, बाबांना नुसतं विचारलं. ‘ठणठणीत आहेत,’ म्हणाले. आम्हा टोंगाच्या लेकींना वडिलांच्या डोक्याला हात लावता येत नाही, मग जबडा कसा उघडणार?

बुधवार, ५ जून
पाहणी चालवणाऱ्या डॉक्टर टाउफांना राजधानीत फोन केला. म्हणाले, हिरड्या चांगल्या असतील तर हृदय बघावं लागेल. कामात लक्षच लागेना. दोन रुग्णांना उद्या या म्हटलं.

शुक्रवार, ७ जून
बाबांनी कोनफळ बाजूला सारलं, नुसता माशाचा रस्सा ओरपला. त्यांच्या उशीच्या अभ्र्यावर तांबूस डाग आहेत. हिरड्याच असणार! तोंड दाखवा म्हटलं तर म्हणाले, "रक्त दंडातून घेतलंस ना? मग दंड बघ." आणि ओठ मिटून हसले. असा संताप आला!

रविवार, ९ जून
चर्चमधून थेट सेलुवाया आत्याकडे गेले, सगळं सांगून टाकलं. बाबांची थोरली बहीण — तिचा शब्द ते मोडत नाहीत. ती ऐकता ऐकता चटई विणत राहिली. आता वाटतंय, उगाच सांगितलं.

सोमवार, १० जून
बाबा दवाखान्यात आले! आत्या व्हरांड्यातच थांबली. भाऊ आडवा झालेला असताना बहीण खोलीत येत नाही. तिथूनच म्हणाली, "सातेकी, पोरीला तिचं काम करू दे."
बाबा छताकडे बघत म्हणाले, "दात बघणारीच्या बापाचंच तोंड सडलंय, असं गावभर झालं असतं. तुझं नाव खराब होईल म्हणून गप्प होतो." मग माझा हात धरला आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवला.
हिरड्यांतून रक्त, पू. दोन दाढा हलताहेत. हृदयही तपासून घेणार आहे, पण आग कुठे आहे ते तरी दिसलं. साफ करताना मी रडत होते, बाबांनी डोळे मिटून घेतले होते.

मंगळवार, ११ जून
बाबांचे केस इतके मऊ आहेत, हे मला चाळिसाव्या वर्षी कळलं.