वहिनींचे गुडघे आणि माझे डोळे

बालिगे,
मार्चचा तिसरा रविवार, चर्चहून आल्यावर

तीर्थस्वरूप वहिनींस,

सरोवराच्या अलीकडून धाकट्या नणंदेचा वाकून होरास. तुम्ही, दादा, नातवंडं, डुकरं आणि अंगणातला आंबा सगळे खुशाल असाल असं धरून चालते. इकडे आम्ही बरे आहोत. आमच्या यांचा, तोगारच्या बाबांचा, खोकला गेला, घोरणं तेवढं राहिलं. फोन असताना हे कागदावर का लिहिलं आणि हळदीच्या पुडीत घालून का पाठवलं, ते पुढे वाचाल तसं कळेल. तुमच्या फोनवर आलेलं सगळं दादा ओट्यावर बसून मोठ्याने वाचतो, आणि दादाचा आवाज (देवाने तो देताना सरोवराची रुंदी मोजून घेतली असावी) पलीकडच्या काठाला जातो. तेव्हा हे एकटीने वाचा, आणि दादा आलाच तर हळद निवडतेय म्हणा. हळद निवडत नाहीत हे त्याला ठाऊक नाही.

तुमचा निरोप मिळाला. माझ्या रुगुनचं लग्न ऑगस्टात, आणि तिची मामी मार्चमध्येच कळवते की गुडघ्यांमुळे येणं व्हायचं नाही. वहिनी, खोचक बोलणं हा नणंदेचा हक्क आहे म्हणून बोलते: पाच महिन्यांनी आपण दुखणार आहोत हे आधीच ठरवून ठेवणारे गुडघे मी पहिल्यांदाच पाहिले. मामा-मामींनी दोघांनी मिळून नवरानवरीच्या खांद्यांवर उलोसची शाल पांघरल्याशिवाय आपल्यात लग्नाला लग्न म्हणतात का? एकट्या मामाने पांघरलेलं ते नुसतं कापड. वडीलधारे म्हणतात, चुलत मामीला उभी करू. रुगुन म्हणते, मामी नसेल तर मी उघड्या खांद्यांनी उभी राहीन आणि न्यूमोनिया करून घेईन. (हट्ट तिने तुमच्याकडून घेतलाय, आमच्यात असलं काही नाही.) गेली तीन वर्षं तुम्ही ना लग्नाला, ना मयताला, ना नाताळाला. मला तुमची आठवण येते हो. एवढं लिहून मी आधी माझी कथा सांगते, ती ऐका आणि मग काय ते ठरवा.

पाळी गेली तेव्हा मला वाटलं, सुटले एकदाची. कसली सुटते! घरातला जुना भाडेकरू गेला म्हणून आनंद करावा, तर जाताना तो नळ, गिलावा सगळं उखडून गेलेला. शिंक आली की थेंब, हसू आलं की थेंब, आणि दोन्ही एकदम आलं तर काही विचारूच नका. लघवीला जावं तर आग, न जावं तर घाई. त्या जागेला कोरड इतकी की कुणी अंदालिमान मिरी वाटून चोळलीय असं वाटावं. बायकांच्या गायनात मी वरचा सूर लावायचं सोडून दिलं, तर गायनमास्तर म्हणाले, सौलिनाबाईंच्या आवाजाला आता भक्तीची खोली आलीय. कसली खोली, मी जीव मुठीत धरून खालच्या सुरात उभी होते! पुतण्याच्या लग्नात तर कहर झाला. घट्ट गुंडाळलेलं जरीचं लुगडं, दिवसभर रांगेत हात जोडून नाचायचं, मधून निघायची सोय नाही. म्हणून मी आदल्या दिवसापासून पाणीच बंद केलं, आणि भर नाचात ढोलांसमोर आडवी झाले. लोकांना वाटलं अंगात पणजी आली! दोघा म्हाताऱ्यांनी लगेच पुढे सरसावून मला शेताच्या पाटाचा जुना तंटा विचारला. मी डोळे उघडून "पाणी" म्हणाले. त्याचा अर्थ पाणी वरच्या शेताला सोडा असा लावला गेला, आणि ते अजून वरच्या शेतालाच जातंय. खालचे लोक माझ्याशी बोलत नाहीत.

त्यानंतर मी समुद्रापलीकडे पेनांगच्या इस्पितळात जायचं ठरवलं. (इथल्या दवाखान्यात औषध देणारी माझ्या जावेची पुतणी. तिथे बोलणं म्हणजे चर्चची घंटा वाजवून सांगणं.) घरी काय सांगायचं? तोगारच्या बाबांना म्हटलं, डोळ्यांना लेझर करायचंय. रविवारी पाद्रीबाबांनी सगळ्या मंडळीला उभं करून माझ्या डोळ्यांसाठी प्रार्थना केली. मी मान खाली घातली होती. देव सर्वज्ञ आहे, पत्ता त्याने मनातल्या मनात दुरुस्त करून घेतला असेल असं मी धरून चालले.

एकटी जाते म्हटलं तर तोगारचे बाबा ऐकेनात. आले बरोबर. बायकांच्या विभागाबाहेर पोटुशा मुलींच्या रांगेत मांडी ठोकून बसले आणि मला म्हणाले, "डोळ्यांचा मजला भरलेला दिसतो, बिचाऱ्यांना इथे बसवलंय." डॉक्टरीण तिलगावती म्हणून तमिळ बाई, माझ्याच वयाच्या. मलायमध्ये सावकाश बोलतात, सगळं कळतं. त्यांनी मला एकटीला तपासलं, लघवी तपासायला पाठवली, आणि स्पष्ट सांगितलं की पाळी गेल्यावर तिथली कातडी पातळ आणि कोरडी होते, हा काही तुमचा गुन्हा नव्हे. आधी मलम आणि खालचे स्नायू आवळायचे व्यायाम, ते करून पुरलं नाही तर लेझर. लेझरने सगळ्यांना गुण येतोच असं नाही, जाणकारांचंही त्यावर अजून एकमत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. (आपल्याकडे केस काळे करायचं तेल विकणारासुद्धा इतकं खरं बोलत नाही. मला तिथेच विश्वास बसला.) मलम लावलं, व्यायाम केले. हा व्यायाम चर्चमध्ये प्रवचन ऐकताना करता येतो, कुणाला कळत नाही, फक्त चेहरा फार श्रद्धाळू दिसतो. थोडा उतार पडला, पण पुरता नाही. मग लेझर ठरलं.

त्या दिवशी बाईंनी तोगारच्या बाबांनाही आत बोलावलं. मला घाम फुटला. टेबलावर त्या भागाचा रबरी नमुना ठेवलेला. बाई अदबीच्या मलायमध्ये "त्या जागेची" नाजूक कातडी, चुरचुर असं समजावत होत्या, आणि हे तो नमुना हातात घेऊन, फिरवून फिरवून बघत होते. शेवटी म्हणाले, "डोळ्यात आत एवढ्या घड्या असतात? तरीच हिला सुई ओवता येत नव्हती." बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. बाई शहाण्या, त्या एवढंच म्हणाल्या की पाच-सहा दिवस बायकोच्या जवळ जाऊ नका. तेवढे दिवस हे पुढच्या खोलीत झोपले आणि डोळे आलेल्या माणसाचा ठेवावा तसा माझा टॉवेल वेगळा ठेवला.

लेझरचं काय सांगू? आत एक दांडी घालतात, ऊब लागते, टोचल्यासारखं होतं, आणि मी दोन स्तोत्रं म्हणते तोवर संपतं. पण सुरू करण्याआधी नर्सने माझ्या डोळ्यांना हा एवढा जाड चष्मा बांधला! मी म्हटलं, बाई गं, काम खाली आणि बंदोबस्त वर का? तर म्हणे, प्रकाश डोळ्यांना लागू नये म्हणून सगळ्यांनाच बांधतात. बाहेर आले ते डोळ्यांभोवती लाल वळ घेऊनच. तोगारच्या बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणाले, फार सोसलंस. इथे मात्र मला लाज वाटली. पुढे महिन्या-सव्वा महिन्याच्या अंतराने आणखी दोनदा जावं लागलं. लेझरच्या तिसऱ्या खेपेला यांनी विचारलंच, की डोळे दोन आणि खेपा तीन कशा? मी म्हटलं, दोन्ही एकसारखे जुळवून घ्यायला. पटलं त्यांना. त्यांनी वीस वर्षं सुतारकाम केलंय.

आता बरं आहे, वहिनी. अगदी सोळा वर्षांची झाले नाही, पण शिंकेला भीत नाही. आग गेली, घाई आवाक्यात आली. परवा गायनात वरचा सूर लावला आणि गायनमास्तर दचकले. (बाकीचं नणंदेला विचारू नये. एवढंच सांगते की तोगारचे बाबा हल्ली दाढी करताना गाणी म्हणतात.)

मी बरी झाले म्हणून मागच्या महिन्यात दादा रीतीप्रमाणे मासा घेऊन आला. एकटाच. माहेरचा मासा, डोक्यावर तांदूळ, सगळ्यांची भाषणं, सगळी माझ्या डोळ्यांवर. मग तोगारचे बाबा उठले आणि पेनांगला डोळ्याची आतली रचना त्यांनी कशी स्वतः हातात घेऊन पाहिली ते सांगू लागले. हातवाऱ्यांसकट, वहिनी! इथे घड्या, इथे हे एवढंसं तोंड, वर हे छोटं छिद्र. पुरुष गंभीरपणे माना डोलवत होते. स्वयंपाकघरात मात्र आधी कुणाच्या तरी हातून डाव पडला, आणि मग जो हशा उसळला, त्यात निम्म्या बायकांना परसात पळावं लागलं. परत आल्यावर आमच्या गायनातली पांतासची आजी माझा हात धरून म्हणाली, "पोरी, मी वीस वर्षं लग्नात पाणी प्यायले नाही. मला वाटायचं मी एकटीच अशी घाणेरडी." तिला हसू आणि रडू एकदमच आलं होतं, मलाही आलं. एकेक करून सगळ्या माझ्याजवळ येऊन गेल्या, सगळ्यांना "डोळ्यांचा" पत्ता हवा होता. मी म्हटलं, आधी मलम आणि व्यायामाचं विचारा, पेनांगचं नंतर. इतकी वर्षं आम्ही एकमेकींच्या शेजारी बसून गात होतो आणि एकीनेही दुसरीला सांगितलं नव्हतं.

तर असं आहे सगळं. दादाला, नातवंडांना आशीर्वाद आणि नमस्कार जसे ज्याला तसे. गुडघ्यांना शेक देत चला.

तुमची धाकटी वन्सं,
सौलिना

ता. क. पाद्रीबाबांना मोतीबिंदू झालाय आणि माझे डोळे बघून त्यांनी तोगारच्या बाबांकडून डॉक्टरीणबाईंचं नाव लिहून घेतलंय. तिकीट काढायच्या आत त्यांना कसं थांबवावं, काही सुचलं तर कळवा.

दुसरा ता. क. खरं सांगायचं तर गुण मलमाचा, व्यायामाचा, लेझरचा की दादाच्या माशाचा, ते मला ठाऊक नाही. डॉक्टरीणबाईंनाही शपथेवर सांगता येत नाही. पण तो सगळा खटाटोप सुरू झाला तो मी एका बाईसमोर तोंड उघडलं तेव्हा. माझी पुढची तपासणी एप्रिलात आहे आणि मी तिथे दोन नावं नोंदवली आहेत. दुसरं नाव तुमचं. रागवायचं असेल तर विमानात रागवा, मी शेजारच्याच खुर्चीत असेन.

तिसरा ता. क. हे लिहायचं नव्हतं, पण लिहिते. मासा देऊन परत जाताना दादाला सोडायला मी धक्क्यावर गेले होते. होडी लागली तरी तो चढेना. आपला दादा, वहिनी, ज्याला हळू बोलता येत नाही, तो पाण्याकडे बघत, मला जेमतेम ऐकू येईल एवढ्याच आवाजात म्हणाला, "ते डोळ्यांचं यंत्र गुडघ्यांना चालतं का गं? तिला विचारायला मला जमत नाही. ती फार एकटी पडलीय." मी म्हटलं, चालतं.